पंख्याच्या वरचा बल्ब

शहाऐंशी साली कळव्याच्या खाडीकाठी दामाजीनं कौलं उतरवून स्लॅब टाकला, तेव्हा आख्खी आळी घर बघायला आलेली. त्याच्या पोरानं, कान्हानं, खोलीच्या मधोमध पंखा टांगला आणि त्याच्याही वर, पार स्लॅबला चिकटवून, बल्ब. "एका वायरीत दोन कामं, बाबा!" पोराची छाती एवढी फुगलेली, की बोलणार कोण?

पंधरा दिवसांत दामाजी खचला. दिवसा खाडीत त्याला पलीकडच्या काठावरचा बगळा दिसायचा. पण सांजेला पंख्याखाली फाटकं जाळं विणायला घेऊन बसला, की जाळ्याचे डोळे नाचायला लागायचे. सुई घालायची एकात, शिरायची शेजारच्यात. त्याच्या आयेचं असंच झालेलं. आधी सांजेचं दिसेना, मग दिसेनाच. शेवटी म्हातारी भिंत चाचपत मोरीवर जायची.

एकदा त्यानं कान्हाला हळूच विचारलं, "उजेड बरा हाय ना रं?"

"एक नंबर!" टीव्हीवरची नजर न काढता कान्हा म्हणाला.

झालं. म्हणजे खोट आपल्याच डोळ्यात. दामाजीला घास उतरेना. शेवटी त्यानं शेजारच्या पोपटला गाठलं. पोपटची दामाजीच्या होडीवर कधीपासून नजर.

"घेऊन जा. आंधल्याला होडी कशाला?"

पोपटनं च्च च्च केलं खरं, पण हसू मिशीत मावेना. "गुरुवारी सांजेला वल्ही न्यायला येतो, दामाजीभाऊ."

गुरुवारी दामाजी शेवटचं म्हणून जाळं घेऊन बसला. बायको सरस्वती समोर येऊन बसली. "दोन दिस जेवला नाय तुमी. काय झालंय?"

"मना दिसत नाय गं." एवढं बोलला आणि म्हातारा ढसाढसा रडला.

तेवढ्यात लाईट गेली. पंखा थांबला. सरस्वतीनं डोळे पुसत कंदील पेटवून खाली ठेवला. दामाजीनं सवयीनं सुई घातली. एक गाठ. दुसरी. दहावी. सगळ्या सरळ!

"अवो, मीपन तांदूळ निवडताना डोकं धरून बसते," सरस्वती पुटपुटली. "पोराला वाईट वाटंल म्हणून गप्प."

लाईट आली, तसा कान्हाही बाहेरून घरात आला. पंखा फिरला आणि पात्यांच्या सावल्या जाळ्यावरून पळायला लागल्या. दामाजीनं मान वर केली. "आयला! पाती उजेड कापतायत! कान्हा, उद्या तो बल्ब भिंतीवर घे, पात्यांच्या खाली!"

"उद्या कशाला, आत्ताच..." कान्हा ओशाळून पुढं झाला.

"आत्ता नको," दामाजी म्हणाला. दारात पोपट उभा होता.

"वल्ही दे रं. शब्द दिलायस."

"देतो की. फक्त चार गाठी मारून दाखव. चारी सरळ आल्या तर होडी तुझी." दामाजीनं त्याला बरोबर पंख्याखाली बसवलं. पोपटनं हसत सुई घेतली. दुसऱ्याच गाठीला तो डोळे चोळायला लागला.

"कान्हा," दामाजी गोड आवाजात म्हणाला, "पंखा फुल कर रं. पोपटला घाम फुटलाय."