मुंगीने थांबवलेला प्रेस

"हे तुम्हाला पटायचं नाही, आणि पटलंच तर आपल्याच डोक्यात काहीतरी बिघाड आहे असं समजा," असं बजावून झाकणमामांनी बशीतला चहा फुर्रकन ओढला.

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये त्यांच्या निवृत्तीचा निरोप चालला होता. डब्यांची झाकणं ठोकण्यात उभी हयात गेली म्हणून झाकणमामा. खरं नाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक. समोर सगळी पाळी बसलेली आणि पुढच्याच बाकावर त्यांची लेक. मामांचा जुना, पत्र्याची झाकणं ठोकायचा प्रेस आता तीच चालवायची. तिच्यासमोर आज गोष्ट रंगलीच पाहिजे, असा मामांचा हट्ट होता.

"कारखाना तेव्हा गटांगळ्या खात होता. मोठं गिऱ्हाईक एकच, औषधांच्या डब्यांचं. ते म्हणालं, सुरक्षिततेचं प्रमाणपत्र दाखवा, नाहीतर आम्ही दुसरीकडे जातो. म्हणजे प्रेस भंगारात आणि आपण घरी, बायकोच्या तोंडाशी!"

"मामींना सांगू का?" मागून कुणीतरी ओरडलं.

"खुशाल सांग. मग तुझ्याच घरी जेवायला येतो."

हशा ओसरला तसे मामा पुढे सरसावले. त्या काळी ठोकलेलं झाकण चिमट्याने काढायचा नियम होता. पण चिमटा लटकलेला खिळ्याला आणि बोटं साच्यात. दोन बोटांनी टिचकी मारली की झाकण बाहेर. ज्याची टिचकी चपळ, त्याची कॉलर ताठ. मग मालकांनी प्रेसच्या तोंडाशी प्रकाशाचा पडदा बसवला. दोन बाजूंना दोन खांब, मधे डोळ्यांना न दिसणारे किरण. आडवं काही आलं की प्रेस जागच्या जागी थिजायचा.

"तपासनीस आला. चेहरा असा, की हसला तर दंड भरावा लागेल. फिरत फिरत माझ्यापाशी थांबला. मी पायडल दाबलं. वरून ठोक्याचं लोखंडी धूड सुटलं आणि खट्! अधांतरी उभं. मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. तपासनीस वाकला, मी वाकलो. बघतो तर साच्यात मुंगी! तोंडात साखरेचा दाणा, कमरेवर हात."

"मुंगीला कंबर असते, मामा?"

"नसती तर हात कुठे ठेवला असता? तिने वर बघितलं, प्रेसपुढे मान लववली आणि रमतगमत पलीकडे गेली. तोवर प्रेस श्वास रोखून उभा! तपासनिसाने चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाला, 'इथे मुंगीलाही जपतात, मग माणसाची काय चिंता?' प्रेसच्याच पाठीवर कागद ठेवून सही ठोकली."

"मग गिऱ्हाईक राहिलं?"

"राहिलं? शेजारपाजारच्यांना घेऊन आलं! बोटांना पट्ट्या बांधून घरी बसणं संपलं. घाईत वाकडी झालेली झाकणं परत यायची थांबली. ही नवी शेड उभी आहे ना, ती त्या एका थांबलेल्या ठोक्यावर." मामांची छाती शर्टात मावेना. बोलता बोलता त्यांनी बशीतला बिस्किटाचा चुरा दोन बोटांनी टिचकी मारून उडवला.

सगळे टाळ्या पिटत होते. लेक मात्र त्या बोटांकडे बघत होती.

"बाबा, तो पडदा रोज सकाळी मी तपासते," ती उठून म्हणाली. "बोटाहून बारीक त्याला काही दिसतच नाही. मुंगी सोडा, मुंगळ्यांची पलटण गेली तरी प्रेस थांबायचा नाही."

मामांनी हात हळूच टेबलाखाली घेतला.

"मग थांबला कशाने?" मागच्या बाकावरून प्रश्न आला.

तिने मान ताठ केली.

"प्रमाणपत्र मुंगीने नाही मिळवलं, बाबा! टिचकी मारायला तुमचाच हात आत गेला होता!"