एक इंच सोडून

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी फूटपट्टी आहे. पण माझ्यात पुरते बारा इंच शोधू नका. माझं शून्याचं टोक कधीच झिजून गेलं. झिजेल नाही तर काय! आमचा सुतार त्याच टोकाने लाकूड चिकटवायचा सरस ढवळायचा. "अहो, मोजायची पट्टी आहे ती, पळी नव्हे!" बायको ओरडायची. हा आपला हसायचा.

नवी होते तेव्हा माझ्या काळ्या रेघा कशा ठसठशीत होत्या! पहिला इंच गेला तसा सुतार एकाच्या रेघेपासून मोजू लागला. दहा इंच हवे असले की अकरावर खूण. फळीचं दुसरं टोक बायको धरायची आणि करवत लागण्याआधी दर वेळी विचारायची, "एक वाढवलात ना?"

"अगं, मी काय कालचं पोर आहे? तोंडपाठ आहे मला!" तो खेकसायचा. खरं सांगते, मलाही ती कटकटच वाटायची. कामं मात्र आमची चोख. याच्या हातचा दरवाजा केसभरही चुकत नाही, असं लोक म्हणत, आणि मी फुगून जायचे.

मग ती गेली. साधा ताप म्हणता म्हणता होत्याचं नव्हतं झालं.

तिच्या फोटोची चौकट तो दुसऱ्या कुणाला करू देईना. चांगलं सागवान निवडलं, मला वर ठेवलं, खुणा केल्या, कापलं. सांधे असे बसवले की नखही शिरू नये. लेकीने फोटो आणला. तो बसेना. चौकट उभीआडवी एकेक इंच तोकडी!

"असू दे बाबा, फोटोच्या कडा थोड्या कापू," लेक हळूच म्हणाली.

"तिला कापू?"

मला मुठीत धरून तो भुशातच बसला. "इतक्या वर्षांत एकदाही चुकलो नाही गं. मला वाटायचं, माझ्याच लक्षात राहतं." एवढा दणकट माणूस हुंदके देत होता. माझं तर काळीज तुटलं.

दुसरी चौकट त्याने केलीच नाही. लेक म्हणते, "मी धरते दुसरं टोक." तो करवत पुसतो आणि पुन्हा खुंटीला अडकवतो.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. माझं काय, मी झिजायचीच. पण घरात कुणी तेच तेच विचारत असेल, दार लावलंस का, छत्री घेतलीस का, तर वसकन अंगावर जाऊ नका. नीट उत्तर द्या. आमच्या सुताराला आता ते द्यायचंय, आणि विचारणारं कुणी नाही.