घासलेली शेगडी

शेगडीचा काठ सुरेखाच्या हातात आला आणि उरलेली शेगडी बादलीतच राहिली.

"अगं बाई!" न्हाणीघरात ती एकटीच ओरडली. तिचा नवरा दिगंबर नुकताच ऑफिसला गेला होता, नाहीतर धावत आला असता. तिने तो तुकडा पुन्हा जागेवर बसवून पाहिला, तर चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा तो बोटांतच मऊ पडला. बादलीत हात घालून तिने शेगडी तळातून उचलली. उचलताना एक तडा काठापासून खालच्या लोखंडी पट्ट्यापर्यंत सरसर गेला आणि सुरेखा ओल्या फरशीवर मटकन बसली.

शेगडी तिची असती तर प्रश्न नव्हता. ती शेजारच्या मोरिता-सानांची होती, आणि त्याहून खरं सांगायचं तर त्यांच्या बायकोची.

जपानमधल्या एदोगावा भागातल्या या इमारतीत येऊन सुरेखाला आता बरीच वर्षं झाली होती. घर छान, स्टेशन जवळ, पण स्वयंपाकघरात विजेची काळी काच. तिच्यावर पाणी उकळतं, पोळी कशीबशी फुगते, पण ज्योत म्हणून औषधाला नाही. चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याच्या भरिताचा नैवेद्य लागतो. दरवर्षी सुरेखा ओव्हनमध्ये वांगी घालायची आणि नैवेद्य दाखवताना मनातल्या मनात देवाची माफी मागायची. ओव्हनमधलं वांगं शिजतं हो, पण भाजत नाही. तो करपलेल्या सालीचा वास कुठून आणायचा?

तो वास रोज संध्याकाळी शेजारून यायचा, फक्त माशाचा. इमारतीला लागूनच मोरिता-सानांचं जुनं बैठं घर होतं. सून-मुलगा दूर कुठेतरी, हे एकटे. दिवेलागणीला दारात छोट्या स्टुलावर बसायचे, समोर मातीची शेगडी, हातात पंखा, जाळीवर एकच मासा. शिचिरिन म्हणतात इकडे तिला. केवढीशी ती! लेकराला कडेवर घ्यावं तशी उचलून कुठेही न्यावी, मूठभर कोळशात पेटवावी, वरून धग अशी की समोर बसणाऱ्याचे गाल तापावेत, आणि बाहेरून हात लावला तर जेमतेम कोमट. सुरेखाचा जीव तिच्यावर कधीचाच जडला होता. विकत आणायची तर ठेवणार कुठे? गॅलरीत विस्तव पेटवायला इमारतीची सक्त मनाई, धूर वरच्यांच्या वाळत घातलेल्या गाद्यांत जातो, आणि निखारे विझले विझले म्हणून कचऱ्यात टाकले की पिशवी पेटते. बाजारातल्या चकचकीत शेगड्यांकडे बघून ती नुसतीच पुढे जायची.

यंदा इथल्या मराठी मंडळाची चंपाषष्ठी मैत्रीण विभाकडे ठरली. विभाचं घर स्वतंत्र, मागे चार पावलांचं अंगण. मग सुरेखाने धीर केला. हातात एक टपोरं वांगं घेऊन मोरिता-सानांच्या दारात उभी राहिली आणि बेंतोच्या, म्हणजे तयार जेवणाच्या डब्यांच्या, कारखान्यातल्या पार्टटाइम नोकरीवर शिकलेलं होतं-नव्हतं तेवढं जपानी त्यांच्यापुढे मांडलं. देव, वांगं, आग. म्हातारबुवा खळखळून हसले. आत गेले आणि शेगडी, कोळशाची पिशवी, चिमटा सगळंच घेऊन आले. खालची छोटी खिडकी उघडली की आग वाढते, बंद केली की निखारे आपोआप विझतात, हे त्यांनी उकिडवं बसून दाखवलं.

"बायकोची," शेगडीवर हात ठेवून ते म्हणाले. "ती गेली. ही आहे."

सायकलच्या टोपलीत शेगडी घालून सुरेखा विभाकडे गेली. आणि काय सांगावं, वांगी अशी भाजली गेली की आतून रस गळून निखाऱ्यांवर चुरचुरला. मंडळातल्या बायका भरिताच्या पातेल्याभोवती गोळा झाल्या.

"सुरेखाताई, आजचा नैवेद्य देवाआधी मीच खाल्ला असता!" विभा म्हणाली.

तिथपर्यंत सगळं झकास होतं. घात केला तो सुरेखाच्या स्वभावाने. दुसऱ्याची वस्तू परत द्यायची ती घेतली त्याहून लख्ख करून, ही तिची लहानपणापासूनची शिस्त. तिच्या घासलेल्या भांड्यांची मंडळात उदाहरणं द्यायचे. आणि ही शेगडी तर आतून काळीकुट्ट, माशाच्या तेलाचे थरच्या थर. बिचारा एकटा माणूस, कोण घासणार, असं म्हणत सुरेखाने पदर खोचला, म्हणजे कुडत्याच्या बाह्या वर सारल्या, आणि साबण, सोडा, काथ्या घेऊन तासभर ती शेगडी खरवडली. आतली माती पांढरीफेक निघाली. कोपऱ्यांतलं निघेना म्हणून रात्रभर गरम पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवली. ही माती पाणी पिते आणि पाण्याने मरते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. शेगडी कुणी धुवेल, हे मोरिता-सानांच्या स्वप्नातही आलं नसेल.

संध्याकाळी दिगंबरने तुकडे पाहिले.

"हे काय झालं गं?"

"तडकली," सुरेखा म्हणाली. आणि मग कसं कोण जाणे, जिभेवर आयतं येऊन बसलं, "तडा आधीपासूनच होता तिला. जुनीच होती ना."

दिगंबरने मान हलवली. एवढ्या वर्षांच्या संसारात बायको खोटं बोलल्याचं त्याला आठवत नव्हतं, मग तो शंका कशाला घेईल?

दोघं शेजारी गेले. सुरेखाने बेसनाचे लाडू नेले होते, कारण रिकाम्या हाताने वस्तू परत करायची नाही ही दुसरी शिस्त. दिगंबर ऑफिसातल्या सफाईदार जपानीत बोलला, तडा आधीच होता, भाजताना वाढला, फार वाईट वाटतं. सुरेखा त्याच्या मागे उभी राहून जमिनीकडे बघत होती. मोरिता-सानांनी शेगडी दोन्ही हातांत घेतली. आतल्या पांढऱ्या मातीवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला. मग शेगडी खाली ठेवली आणि कमरेत वाकले.

"मला क्षमा करा. तडा गेलेली वस्तू मी तुम्हाला दिली. भाजलं तर नाही ना कुठे?"

सुरेखाच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. आता सांगावं, आत्ता, असं वाटलं. तोंड उघडलंही. पण दिगंबर शेजारीच उभा होता, आणि त्याच्यासमोर, या वयात, मी खोटं बोलले म्हणायचं? ती नुसती "नाही नाही" करत मागे सरली.

एवढ्यावर निभावलं असतं तर ती कदाचित विसरली असती. पण त्या रविवारी दारावरची घंटा वाजली. कोट घालून, केस नीट विंचरून मोरिता-सान उभे. हातात मोठ्या दुकानातला, सुरेख कागदात बांधलेला मिठाईचा खोका. या देशात चूक झाली की माणूस असा खोका घेऊन दारात येतो. त्यांनी तो दोन्ही हातांनी पुढे केला, पुन्हा क्षमा मागितली, आणि तिने तो घेतला. न घेऊन करते काय?

"केवढी ही माणसं!" दिगंबर कौतुकाने म्हणाला आणि एक वडी तोंडात टाकली. "घे की तू पण."

"नको मला."

संध्याकाळी शेजारून वास येईनासा झाला होता. स्टूल दारात तसंच होतं, त्यावर कुणी बसत नव्हतं. सुरेखाने नवी शेगडी आणून द्यायचा विचार केला, दुकानात जाऊन उचलूनही पाहिली, आणि परत ठेवली. नवी देऊन काय होणार होतं? त्यांची बायको तर त्या जुन्या शेगडीपाशी बसायची. स्वतःची तिला इतकी लाज वाटत होती की गॅलरीत कपडे वाळत घालतानाही ती शेजारच्या अंगणाकडे पाठ करायची.

न जळणारा कचरा उचलायच्या दिवशी सकाळी मात्र तिची नजर गेलीच. मोरिता-सान एक गाठोडं छातीशी धरून कचऱ्याच्या जागेकडे हळूहळू चालले होते. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, सुतळीने बांधलेलं. सुरेखा होती तशी खाली धावली. थंडी मरणाची, अंगात स्वेटर नाही, पायांत घरातल्या सपाता.

गाठोड्यावर लाल पेनाने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, धोका. कारखान्यातल्या कढईवर तोच शब्द होता म्हणून तिला वाचता आला. फुटक्या वस्तूने उचलणाऱ्याचा हात कापू नये म्हणून इथे तसं लिहितात.

"मोरिता-सान." तिला धाप लागली होती. पाठ केलेली सगळी वाक्यं पळून गेली. "शेगडी. मी धुतली. पाण्यात. रात्रभर. तडा नव्हता. मी खोटं बोलले."

"हाय," मोरिता-सान म्हणाले.

हाय म्हणजे हो, एवढंच. चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, रागही नव्हता. आणि सुरेखाला कळलं की त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आतली माती पांढरी झालेली त्यांनी पाहिली होती, हाताने चाचपली होती. नवऱ्यासमोर तिची मान खाली जाऊ नये म्हणून ते स्वतः वाकले होते, आणि वर कोट घालून मिठाई घेऊन आले होते.

"फार काळी होती ती," ते सावकाश, तिला समजेल अशा सोप्या शब्दांत म्हणाले. "हात दुखले असतील तुमचे."

कचऱ्याची गाडी आली. मोरिता-सानांनी गाठोडं जमिनीवर ठेवलं नाही, गाडीवरच्या माणसाच्या हातात दिलं, लाल अक्षरं दाखवली आणि त्याच्यापुढे मान लववली. तिनेही लववली. गाडी वळणाआड गेली, मोरिता-सान घरात गेले, त्यांचं सरकतं दार लागल्याचा आवाज झाला, तरी ती सपाता घातलेल्या स्वतःच्या पायांकडे बघत तशीच वाकून उभी होती.