तात्यांनी दिलेले मुक्काम

धाकट्या भावाचा, सोमनाथचा फोन सकाळीच आला. मेंढरं डिंगोऱ्याच्या माळावर थांबली होती.

"ताई, तात्यांनी म्होरं कुणाकुणाला शब्द दिलाय, मला काय म्हाईत न्हाई. तुझ्या ॲपात बघ की."

ऋतिका वडिलांचा तेरावा उरकून कालच कामावर बसली होती. ज्यांना रानात मेंढ्या बसवून खत हवं असतं, त्या शेतकऱ्यांची आणि मेंढपाळांची गाठ घालून देणारं ॲप तिच्याच कंपनीचं. त्यात तात्यांचं, धर्माजी हे नावच सापडेना.

मग तिच्या लक्षात आलं. ॲप तयार होत असताना तिने तात्यांच्या फोनवर चाचणीचं ॲप घालून दिलं होतं. खरं ॲप सुरू झाल्यावरही तात्या जुन्यावरच नोंदी करत राहिले. लेकीनं दिलेलं बदलायचं कशाला?

दोन्ही ॲपचे डेटाबेस वेगवेगळ्या सर्व्हरवर होते. चाचणीतली खोटी नावं खऱ्या शेतकऱ्यांपर्यंत जाऊ नयेत, म्हणून मधली वाट मुद्दाम बंद ठेवलेली. साहेबांची परवानगी काढून तिने खऱ्याकडून चाचणीकडे लिंक जोडली, फक्त वाचण्यापुरती. पहिल्यांदा जोडणी नाकारली गेली. वाट अडवणारा फायरवॉलचा नियम तिनेच घातला होता. तो सैल केला.

नोंदी दिसल्या. बहुतेक तिनेच मनाने रचलेल्या. तिने मोबदल्याच्या रकान्यात नुसते आकडे ठोकले होते. तात्यांनी मात्र शेऱ्यात लिहिलं होतं, 'दोन पोती बाजरी', 'बाजरी आन पोरान्ला जेवान'. तेवढ्याच तिने उचलल्या.

खरा डेटाबेस अडून बसला. नोंदलेला मेंढपाळ असल्याशिवाय मुक्काम घेईना. तात्यांचं नाव नव्याने नोंदवलं असतं तरी चाललं असतं, कुणी विचारलं नसतं. तिने ते टाइप केलं. थोडा वेळ तसंच ठेवलं. मग पुसून सोमनाथचं घातलं.

शेतकऱ्यांना संदेश गेले. महाळुंगे पडवळहून भिका नावाच्या शेतकऱ्याचा लगेच कंपनीच्या नंबरावर फोन.

"हे सोमनाथ कोण? मी तर धर्माजीशी बोललोय. ते येणार न्हाईत व्हय?"

"मी त्यांची मुलगी," ऋतिका म्हणाली. "ते गेले. सोमनाथ माझा भाऊ."



"रान मोकळं ठिवलंय," भिका म्हणाला. "पोराला म्हणावं, बानं सांगितल्या दिवशीच ये."