बावीस दगडांचा जिना

सभेला निघताना सरांच्या पत्नीने त्यांच्या कोटाच्या खिशात पेपरमिंटच्या सात गोळ्या मोजून टाकल्या, आणि त्या कशासाठी हेही सांगून टाकले.

"बोलावंसं वाटलं की एक तोंडात टाकायची. चावायची नाही, चघळायची."

"सातच का?"

"डबीत तेवढ्याच उरल्यात. नाहीतर तुम्हाला सत्तरही पुरायच्या नाहीत."

या विधानाचा प्रतिवाद करण्यासारखे सरांजवळ बरेच होते. परंतु बस गाठायची होती.

सर वास्तुविशारद होते. नऊ माणसांच्या एका कार्यालयात त्यांनी एकतीस वर्षे काढली होती, आणि त्यांतली शेवटची बारा तिथले सर्वांत वरिष्ठ म्हणून. तोंडावर सारे त्यांना सर म्हणत. पाठीमागे त्यांचे नाव ओळंबा. गवंडी भिंतीशी दोरीने शिशाचा गोळा सोडून तिचा सरळपणा तपासतो, त्याच्यावरून हे नाव पडले होते. ते सरांना ठाऊक होते आणि मनातून आवडतही होते. ज्याने ते ठेवले त्याच्या मनात मात्र सरळपणापेक्षा, एका जागी लोंबकळत राहून दुसऱ्याची चूक दाखवणे हा गुण अधिक असावा.

कार्यालयाच्या दाराशी एका फळीवर तीन वचने कोरलेली होती. वस्तीचे ऐकू. उभे आहे ते उगाच पाडणार नाही. हाताखालची माणसे मोठी करू. या तीन ओळींच्या शब्दरचनेवर सरांनी चार महिने वाद घातला होता, आणि 'उगाच' हा शब्द तर त्यांनी एकट्याने सर्वांशी लढून बसवला होता. तिसऱ्या वचनापासून पुढे एक नियम निघाला. दोन वर्षांपूर्वी एका पाळणाघराच्या सभेत कार्यालयातल्या एका तरुणाने बोलायला सुरुवात केली, चौथ्या मिनिटाला सरांनी त्याचे एक वाक्य दुरुस्त केले, आणि दुरुस्ती संपली तेव्हा चाळीस मिनिटे उलटून निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. तो तरुण पुढे नोकरी सोडून गेला. त्यानंतर असे ठरले की, सभा ज्याच्याकडे सोपवली त्यानेच ती चालवावी. त्याच्याहून वरिष्ठ असेल त्याने सभा संपेपर्यंत तोंड उघडू नये, केवळ टिपण लिहावे. आणि जो हा नियम मोडील त्याने महिनाभर साऱ्या कार्यालयाचा चहा करावा. नियमाचा मसुदा सरांनीच लिहिला, कारण दुसऱ्या कुणाचा मसुदा त्यांना पसंत पडेना.

आजची सभा धाकटीची होती. कार्यालयात स्त्री वास्तुविशारद दोन. त्यांतली ही धाकटी, आणि सर्वांना ती त्याच नावाने माहीत. वय तीस, आवाज बारीक, आणि पेन्सिलीला टोक काढताना बोललेले तिला चालत नसे.

बंद पडलेल्या एका छापखान्याची दुमजली इमारत नगरपालिकेने वस्तीला देऊ केली होती. वर वाचनालय आणि दवाखाना, खाली पाळणाघर. प्रश्न फक्त जिन्याचा होता. समोरच्या दारातून आत पाऊल टाकले की तो दिसे: दोन जाड भिंतींच्या मधून सरळ वर गेलेला, बावीस पायऱ्यांचा, प्रत्येक पायरी म्हणजे एक अखंड काळा दगड. एकतीस वर्षांपूर्वी कार्यालयाच्या संस्थापकांनी तो छापखान्यासाठी रचला होता. सर तेव्हा नुकतेच चिकटलेले उमेदवार. त्या कामाचे नकाशे त्यांच्या हातचे. आयुष्यात त्यांनी पुढे शाळा बांधल्या, न्यायालय बांधले. पण कुणी 'तुमचे उत्तम काम कोणते' असे विचारले तर ते या जिन्यापाशी नेत, आणि तो आपला नव्हे, गुरूंचा, असे सांगत.

वर जायला लिफ्ट हवी, आणि ती नीट बसेल अशी जागा एकच होती: जिन्याची. सरांच्या मते लिफ्ट मागच्या अंगणात करावी आणि चाकाच्या खुर्चीने मागल्या दाराने यावे. धाकटीने दोन आराखडे केले होते. पहिला हाच. दुसरा तिने सरांना दाखवला नव्हता, कारण सभेआधी वरिष्ठांना दाखवायचे नाही, असाही नियम होता. तोही सरांनीच लिहिलेला.

सभा छापखान्यातच भरली. जिन्याच्या पायथ्याशी वीस-पंचवीस खुर्च्या, एका टेबलावर पुठ्ठ्याचे छोटे प्रारूप, आणि दुसऱ्या टेबलाशी नगरपालिकेच्या अधिकारीबाई. सर कोपऱ्यात वही घेऊन बसले. धाकटीने पहिला आराखडा समजावला. तिसऱ्याच वाक्यात तिने 'साधारण' हा शब्द वापरला, तेव्हा सरांनी पहिली गोळी तोंडात टाकली.

"मागच्या दाराने काय काय आत येणार?" चाकाच्या खुर्चीतल्या एका पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीने विचारले. तिची आत्या मागे खुर्चीची मूठ धरून उभी होती.

"पाळणाघराचं सामान, पुस्तकांचे गठ्ठे," धाकटी म्हणाली.

"आणि मी."

"हळू बोल गं," आत्या म्हणाली.

"हळूच बोलतेय. गठ्ठ्यांनी ऐकलं तर त्यांना वाईट वाटेल."

हशा झाला. सरांनी टिपणात लिहिले: 'मागील प्रवेशास एका रहिवाशाचा आक्षेप.' मग ते वाक्य त्यांना अपुरे वाटले आणि मुलीचे शब्द जसेच्या तसे त्यांनी खाली उतरवले. दुसरी गोळी.

यानंतर एक वृद्ध गृहस्थ काठी टेकून उठले. ते या छापखान्यात जुळारी होते, म्हणजे शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून मजकूर उभा करणारे. वस्ती त्यांना जुळारीआजोबाच म्हणे.

"अकरा वर्षं चढलोय मी हा जिना," ते म्हणाले. "देखणा आहे, कोण नाही म्हणतंय? पण जावई कितीही देखणा असला, तरी सासऱ्याला घरात घेत नसेल तर त्याला घेऊन काय करायचं? आता मी खाली उभा राहून वर बघतो. मान दुखते."

"आजोबा, तुम्हाला वर काय करायचंय?" मागून कुणीतरी विचारले.

"उतरायचंय. पण आधी चढायला लागतं."

सरांच्या जिभेवर उत्तर तयार होते. जिना हा केवळ चढण्याचा मार्ग नसून चढणाऱ्याला दिलेला मान आहे. हे वाक्य गुरूंचे होते आणि सरांनी ते अनेक सभांत यशस्वीपणे वापरले होते. तिसरी व चौथी गोळी त्यांनी एकदमच घेतली.

मग धाकटीने दुसरा आराखडा उलगडला. प्रारूपातला पुठ्ठ्याचा जिना तिने दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवला, आणि सरांना आपल्याच घरातून कुणी कपाट उचलून नेल्यासारखे झाले. जिन्याच्या जागी लिफ्ट. वर जायला दुसरा, मागचा लोखंडी जिना होताच. आणि निघालेल्या पायऱ्यांचे दगड समोरच्या दाराशी पालथे घालून त्यांचा एक मंद उतार करायचा, म्हणजे चाकाची खुर्ची, बाबागाडी आणि काठी सगळ्यांनी एकाच दारातून आत यावे. पाडलेले इथेच लागावे, बाहेर जाऊ नये.

सरांना कबूल करावे लागले की कल्पना चांगली आहे. तिचे चांगले असणेच त्यांना झोंबत होते.

"उतार चांगलाय," अधिकारीबाई म्हणाल्या. "पण आमची अट माहीत आहे ना? जिना मोडायला परवानगी एकाच बोलीवर. पुढचा सगळा उतार त्याच दगडाचा हवा. ती खाण बंद झालीय. मध्येच सिमेंटचं ठिगळ लावलंत, तर मी सही करणार नाही. आणि निर्णय आजच. पुढच्या बैठकीला हा पैसा दुसऱ्या वस्तीला जातोय."

"हो, माहितेय."

"मग सांगा, दगड पुरतो?"

धाकटीने नकाशाची गुंडाळी उघडली. ती जुनी होती. कोपऱ्यात सरांची सही आणि एकतीस वर्षांपूर्वीची तारीख.

"उतार पस्तीस फूट लांब, चार फूट रुंद. एकशेचाळीस चौरस फूट," ती म्हणाली. "दगड बावीस. प्रत्येक फूटभर रुंद आणि पाच फूट लांब. म्हणजे एकशेदहा." ती थांबली. "तीस फूट कमी पडतो. उताराची लांबी मी काल पुन्हा मोजली, तेव्हा तो वाढला. मला वाटलं होतं अट थोडी सैल होईल."

"उतार आखूड करा," कुणी सुचवले.

"मग तो उतार नाही, घसरगुंडी," आत्या म्हणाली.

"सैल होणार नाही," अधिकारीबाई म्हणाल्या, पण दुष्टपणे नव्हे. "पहिला आराखडा धरते मग. जिना राहील."

त्यांनी पेनाचे टोपण काढले. मुलगी मागल्या दाराकडे बघत होती.

सरांची पेन्सिल वहीवर थांबली. दगड पाच फुटांचे नव्हते.

नकाशात पाच फूट होते हे खरे. दोन भिंतींमधले अंतरही पाचच. पण जिना बांधायला घेतला तेव्हाच्या म्हाताऱ्या गवंड्याने नकाशा बघून मान हलवली होती. दगड भिंतीला टेकवून चालत नाही, तो भिंतीत रुजावा लागतो, असे म्हणून त्याने दोन्ही बाजूंना नऊ-नऊ इंच आत जातील असे साडेसहा फुटांचे दगड मागवून घेतले. गुरूंनी हसून संमती दिली आणि उमेदवाराला सांगितले: प्रत्यक्षात जसे बांधले तसा नकाशा दुरुस्त करून ठेव. उमेदवाराने उद्या करू म्हटले. पुढे तो सर झाला. दरवर्षी नव्या माणसांपुढे तो एक तास बोलू लागला, आणि त्याचा विषय असे: बांधकाम झाल्यावर नकाशा दुरुस्त न करणे हा आपल्या धंद्यातला सर्वांत नीच आळस होय.

बावीस गुणिले साडेसहा. एकशेत्रेचाळीस. तीन फूट उरत होते.

बोलायचे नाही हा नियम होता. दोन वर्षे सरांना तो बोचत आला होता, आणि आज प्रथमच तो त्यांच्या बाजूने उभा होता. नियम पाळला की जिना वाचत होता, गुरूंचे काम वाचत होते, नकाशावरची सही निष्कलंक राहत होती. आणि कुणी कधी विचारलेच, तर सभेत तोंड उघडण्याची मला मनाई होती, हे उत्तर अक्षरशः खरे ठरत होते. इतका बिनतोड युक्तिवाद सरांना क्वचितच सुचला असेल. त्यात त्यांनी खोट शोधून पाहिली; खोट सापडेना. त्यामुळेच त्यांना त्याची शिसारी आली.

त्यांनी पाचवी गोळी काढली, हातात धरली आणि परत खिशात ठेवली.

"दगड साडेसहा फुटांचे आहेत," ते म्हणाले.

सगळे कोपऱ्याकडे वळले. धाकटीच्या कपाळावर आठी चढली; तिला वाटले, सुरू झाले.

"सर, नियम—"

"मोडतोय. दोन्ही टोकं नऊ-नऊ इंच भिंतीत आहेत. एकशेत्रेचाळीस भरतो. पुरतो."

अधिकारीबाईंनी नकाशावर बोट ठेवले. "इथं पाच लिहिलंय."

"ते चूक आहे."

"नकाशा कुणाचा?"

"माझा."

"आणि आता मी कशावर विश्वास ठेवू? कागदावर की तुमच्यावर?"

"दोघांवरही नको," सर म्हणाले. "सातव्या पायरीपाशी भिंत फोडून बघा. तिथला गिलावा तसाही सुटलाय."

ते खाली बसले. चाळीस मिनिटे बोलण्याची सवय असलेल्या माणसाला इतके थोडे बोलून थांबणे अवघड गेले असणार. परंतु सांगण्यासारखे आणखी काही नव्हते. जुळारीआजोबा शेजाऱ्याला म्हणाले, "आमच्याकडं अशी चूक निघाली, तर छापलेलं सगळं परत छापायला लागायचं." त्यांनी ते हळू म्हटले असावे, पण कानाने अधू माणसाचे हळू म्हणणे साऱ्यांनाच ऐकू जाते.

अधिकारीबाईंनी गवंडी बोलावून आणवला. सभा मोडली नाही. लोक खुर्च्यांवर बसूनच बघत राहिले. त्याने छिन्नीने पायरीलगतचा गिलावा काढला, दोन विटा सोडवल्या, आणि आत पट्टी घातली.

"नऊ इंच," तो म्हणाला. मग दुसऱ्या अंगालाही तेवढेच करून पाहिले. "नऊ. काय पक्कं काम केलंय हो! हे मोडायचंय?"

"मोडायचंय," धाकटी म्हणाली, आणि सभा पुढे चालू केली.

लोक पांगल्यावर ती सरांजवळ आली. तिच्या हातात तो नकाशा होता.

"महिनाभर मी यावरून हिशेब करतेय, सर. तुम्ही मला यावरून काम करताना बघत होता."

"बघत होतो."

"सांगायचंत की."

"एकतीस वर्षं कुणालाच सांगितलं नाही," सर म्हणाले. "जिना उभा होता तोवर काही बिघडत नव्हतं."

नकाशा तिने त्यांच्या हातात दिला.

घरी पत्नीने खिसा तपासला. "तीन उरल्यात," ती म्हणाली. "अहो, जमलं म्हणजे!"

"नाही जमलं."

त्यांनी सगळे सांगितले. तिने शेवटपर्यंत मध्ये तोंड घातले नाही. ही गोष्ट सरांच्या ध्यानात आली. मग ती म्हणाली, "पण तुम्हाला चहा येतो कुठे करायला?"

सभेचे टिपण दुसऱ्या दिवशी कार्यालयात फिरले. त्यात नेहमीप्रमाणे एकही खाडाखोड नव्हती. अकरावे कलम असे होते: 'टिपणकाराने नियम मोडून भाषण केले. कारण योग्य होते की नाही याचा निर्णय टिपणकाराने करू नये.' त्यासोबत जुना नकाशा जोडलेला होता. पाचाचा आकडा रबराने पुसलेला नव्हता; त्यावर एक रेघ मारून शेजारी साडेसहा लिहिले होते, आणि खाली कालची तारीख. मागची तारीख टाकता आली असती, असे कुणीतरी म्हणाले. सरांनी त्याच्याकडे नुसते पाहिले.

नऊ कप चहा करणे हे बावीस दगडांचा हिशेब करण्याइतके सोपे नाही, असे पहिल्याच सकाळी दिसून आले. पहिला चहा उतू गेला, दुसरा कडू झाला, तिसरा लोकांनी मान ठेवायचा म्हणून निम्मा प्यायला. चौथ्या दिवशी धाकटी स्वयंपाकाच्या ओट्यापाशी येऊन उभी राहिली.

"मी शिकवते," ती म्हणाली. "पण माझी एक अट आहे."

"कोणती?"

"मी सांगत असताना तुम्ही बोलायचं नाही."

खिडकीतून पलीकडच्या रस्त्यावरचा छापखाना दिसत होता. दारासमोर दगड ओळीने मांडून ठेवले होते. आतापर्यंत एकोणीस निघाले होते. सरांनी ते मोजले, पातेले गॅसवर ठेवले, आणि पाणी किती घ्यायचे ते ती सांगेपर्यंत गप्प उभे राहिले.