मागली बाजू

१९९९ साली आमच्या पर्वत पाटिया भागात मी वेबपेज बनवायच्या क्लासला जायचे. तो क्लास फळ्यावर चालायचा. कॉम्प्युटर दोन होते. त्यांच्यावर टॉवेल पांघरलेले असत. त्यातलं जाड पुस्तक शिकवणाऱ्या हितेशसरांच्या कपाटात, किल्ली त्यांच्या कमरेला. पुस्तक मागितलं की म्हणत, "वाचून डोकं फिरतं." त्यांचं शाबूत होतं, म्हणजे त्यांनीही वाचलं नसावं.

माझ्या आईने, अनुसयाने, बजावलं होतं: दिवाळीपर्यंत काहीतरी बनवून दाखव, नाहीतर माझ्याबरोबर साड्यांवर टिकल्या चिकटवायला बस. मला टिकल्यांचा मनापासून तिटकारा होता.

दिवाळीच्या महिनाभर आधी सरांनी पालकांना बोलावलं. टॉवेल निघाले. पडद्यावर क्लासचं पेज आलं: गुलाब आणि सरांचा फोटो.

"मैंने खुद बनाया," सर म्हणाले.

"मांगली बाजू दखाड," आई म्हणाली.

आई कुठलंही कापड उलटून पाहिल्याशिवाय घेत नाही. ती उठली आणि मॉनिटरच्या मागे डोकावली. तिथे वायरी आणि धूळ होती. पालक हसले.

"बेन, पेज का पीछा नहीं होता," सर म्हणाले.

माझं टाळकं सरकलं. माझ्या आईला हसतात? मी माउस ओढला आणि दिसेल तो मेनू उघडत सुटले. 'व्ह्यू'मध्ये 'सोर्स' होतं. दाबलं. पेजच्या मागचं लिखाण उघडलं: फळ्यावरून उतरवायचो तेच कंस पडदाभर पसरले. वर बनवणाऱ्याचं नाव होतं, भलत्याच माणसाचं. मी ते मोठ्याने वाचलं. सरांनी घाईने मॉनिटरवर टॉवेल टाकला.

"सगळास्नी मांगली बाजू अशी उघडी ऱ्हास का?" आईने विचारलं.

"तसं दिसतं."

"मंग ह्या मास्तरकडे काय शे?"

माझा तो क्लास कायमचा सुटला. दिवाळीची अट मात्र तशीच राहिली. सायबर कॅफेत मी परक्यांची पेजं उलटून पाहत शिकू लागले. पोरीने एकटं जायचं नाही, म्हणून आई शेजारी बसून लसूण सोलायची. कॅफेवाला वासाबद्दल कुरकुरायचा, पण तिला सांगायची त्याची छाती नव्हती.

धनतेरसला माझं पेज झालं. पुढली बाजू तिने ओझरती पाहिली. मग मागली मागितली. इंग्रजीचं अक्षर कळत नसताना ती वरून खालपर्यंत बोट फिरवत गेली.

बोट परत वर गेलं.

"आठे तुन्हं नाव टाक," ती म्हणाली. "नही ते तो मास्तर उचली लई जाई."