हळू ओढलेली पट्टी

नानांनी मेणाच्या पट्टीचं टोक दोन बोटांत धरलं, पण हात पुढे सरेना. नूतनने डोळे मिटून पुन्हा सांगितलं, एका झटक्यात ओढा. लेकीला दुखू नये म्हणून त्यांनी ती हळूहळू, खपली काढावी तशी सोलली. केस निम्मेही निघाले नाहीत. मग त्याच जागी दुसरी, तिसरी.

हनुवटीवरच्या त्या राठ केसांनी तिच्या नाकी नऊ आणले होते. पिंप्राळ्यातल्या पार्लरमधून गोष्ट फुटली आणि दोन स्थळं बघायला येण्याआधीच फिरली. आई जाऊन सहा वर्षं झाली होती, बहीण नव्हती. एकोणतिसाव्या वर्षी बापापुढे हनुवटी वर करून बसताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी हनुवटीपासून जबड्यापर्यंत काळानिळा डाग उमटला होता. पावडर थापली तरी लपेना. आणि अकराला अमळनेरचे पाहुणे दारात हजर.

पोहे झाल्यावर मुलाची आई बेबाबाई, घर बघायचं निमित्त करून, तिला आतल्या खोलीत घेऊन गेली. दार लोटून तिने नूतनचा चेहरा खिडकीकडे वळवला.

"पोरी, खरं सांग. तुले कोनी मारं?"

केसांचं सांगितलं की हेही स्थळ गेलं. बाहेर नाना कुणाला तरी आणखी अर्ध्या कपाचा आग्रह करत होते. या माणसाने तिच्यावर जन्मात बोटसुद्धा उगारलं नव्हतं.

"नानांनी," नूतन म्हणाली.

बेबाबाईने तिला पोटाशी धरलं. "आते तुले कोनी हात लावाव नही."

बाहेर येऊन तिने मुलगी पसंत असल्याचं सांगितलं. नानांना भरून आलं. त्यांनी पुरुषांना टोपी-टॉवेल दिले आणि खण-नारळ घेऊन बेबाबाईपुढे वाकले. तिने तो त्यांच्या हातून घेतला नाही, खुर्चीवर ठेवायला सांगितला. लग्न महिन्याभरात उरकू, म्हणाली, पण त्यानंतर मुलीला माहेरी धाडणार नाही. सणालाही नाही. नाना घाईघाईने हो म्हणाले.

गाडी वळल्यावर नूतन बशा गोळा करू लागली. केस तर पंधरा दिवसांत पुन्हा येणार होते. खुर्चीवरच राहिलेला नारळ हातात घेऊन नाना दाराशी उभे होते.

"माहेरी धाडणार नाही म्हणाल्या," ते हळूच म्हणाले. "त्यांच्या घरची तशी रीत असेल. नाही का गं?"

"हो, नाना."